यादीत नाव कोणाचे?
सातबारा आणि संगणकातील परवानग्यांची गोष्ट

बीड जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात 'कागद' म्हटले की पहिल्यांदा आठवतो तो सातबारा. पीककर्ज, पीकविमा, विहिरीचे अनुदान, भावाभावांची वाटणी, कोर्टकचेरी. कुठेही जायचे झाले तरी हा उतारा पिशवीत लागतोच. आपल्या वर्गातील बहुतेक मुलांनी तो घरी पाहिलेला असतो, पण वाचलेला मात्र नसतो. या लेखात आपण तो वाचणार आहोत. मात्र शेतीचा कागद म्हणून नव्हे, तर संगणकाच्या अंतरंगातील एक महत्त्वाची कल्पना समजून घेण्यासाठी.

कल्पना अशी. एकच संगणक अनेक माणसे वापरतात. त्यात हजारो फाइली असतात. कोणती फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी, कोणी तिला हातही लावू नये, हे संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम क्षणोक्षणी ठरवीत असते. हे ठरवण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे प्रत्येक फाइलला जोडलेली एक यादी. तिला 'अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट' म्हणतात. आपण तिला 'परवानगी-यादी' म्हणू. वस्तूला चिकटलेली, माणसांची आणि त्यांच्या हक्कांची यादी. सातबाराही नेमका हेच असतो.

एका गावाचा तक्ता

एक काल्पनिक गाव घेऊ. गावात हजार माणसे आणि पाचशे गट, म्हणजे जमिनीचे तुकडे आहेत. एका मोठ्या कागदावर डावीकडे खाली-खाली माणसांची नावे लिहिली आणि वर आडवे गट क्रमांक लिहिले, तर पाच लाख चौकटींचा तक्ता तयार होईल. प्रत्येक चौकटीत त्या माणसाचा त्या गटावरील हक्क लिहायचा: मालक, कूळ, विहिरीत हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, कर्जाचा बोजा. लिहायला बसलो की लगेच ध्यानात येते, की जवळजवळ सगळ्या चौकटी कोऱ्याच राहतात. एका माणसाचा संबंध फार तर दोन-चार गटांशी येतो. म्हणून असा तक्ता कोणी प्रत्यक्षात ठेवीत नाही. तो कापून ठेवला जातो.

कापण्याच्या रीती दोन. उभा कापला, तर प्रत्येक गटाची एक पट्टी मिळते: या गटावर कोणाकोणाचे काय हक्क आहेत? हा झाला गाव नमुना सात, म्हणजे सातबाऱ्याचा 'सात'. आडवा कापला, तर प्रत्येक माणसाची एक पट्टी मिळते: या माणसाची कोणकोणत्या गटांत जमीन आहे? हा झाला गाव नमुना आठ-अ, ज्याला आपण 'आठ-अ चा उतारा' किंवा खातेउतारा म्हणतो. त्यात फक्त धारण केलेली जमीन येते, बाकीचे हक्क येत नाहीत. तरी कापण्याची दिशा तीच.

संगणकशास्त्रात हाच तक्ता बटलर लॅम्पसन यांनी १९७१ च्या 'प्रोटेक्शन' या शोधनिबंधात मांडला. माणसांच्या जागी वापरकर्ते आणि त्यांनी चालवलेले प्रोग्रॅम. गटांच्या जागी फाइली, डिरेक्टऱ्या, छपाईयंत्रे. उभी पट्टी म्हणजे परवानगी-यादी. आडव्या पट्टीलाही एक नाव आहे, त्याकडे आपण पुढे येऊ. लॅम्पसन यांनी सातबारा पाहिला असण्याचे काही कारण नाही. प्रश्न एकच असला की दूरदूरची माणसेही सारख्याच उत्तराशी येऊन पोचतात, हेच यातून दिसते.

बीडमधील यादीचा प्रवास

आपल्या जिल्ह्यात ही यादी आयती आलेली नाही. बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. संस्थानातील जमीन एका प्रकारची नव्हती. काही गावे दिवाणी म्हणजे थेट सरकारच्या कारभारातील, काही निजामाच्या खासगी मालकीची 'सर्फ-ए-खास', तर काही जहागिरदारांची. सर सालारजंग यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी आणि आकारणीला सुरुवात झाली. पण मोजणीच्या कागदांचा मुख्य प्रश्न होता, 'सारा कोण भरतो?' 'या जमिनीवर कोणाकोणाचा हक्क आहे?' हा प्रश्न वेगळा आहे. जमीन एकाच्या नावे, कसणारा दुसरा आणि गहाण तिसऱ्याकडे, अशी स्थिती असली की सारा भरणाऱ्याचे नाव अपुरे पडते.

मुंबई इलाख्याने हा भेद ओळखून १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा केला. पुढे जमाबंदी आयुक्त अँडरसन यांनी गावच्या दप्तराच्या नमुन्यांची नियमपुस्तिका सिद्ध केली. 'सात', 'बारा', 'आठ-अ' हे आकडे म्हणजे त्याच परंपरेतील गाव नमुन्यांचे क्रमांक. महसूल खात्यात आजही 'अँडरसन मॅन्युअल' हे नाव ठाऊक नसलेला कर्मचारी विरळा.

हैदराबाद संस्थानात सर्व हक्कांची नोंद करण्याचा कायदा आला तो १३५८ फसली या वर्षी. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. म्हणजे १९४८-४९, पोलीस कारवाईनंतरचे पहिलेच वर्ष. १९४९ मध्ये जहागिरी बरखास्त झाल्या. १९५० मध्ये हैदराबाद कूळ व शेतजमीन कायदा आला आणि 'संरक्षित कुळां'च्या याद्या झाल्या. १९५४-५५ चे खासरा पत्रक तर आजही जुना हक्क शोधताना मराठवाड्यात हटकून मागितले जाते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या एकाच कायद्याखाली सगळे दप्तर आले.

कुळांच्या या याद्यांवर थोडे थांबले पाहिजे. पिढ्यान् पिढ्या जमीन कसणाऱ्याचे नाव यादीत आले, तर त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. ज्याचे नाव आले नाही, त्याला आपला हक्क सिद्ध करीत बसावे लागले. नांगर तोच, घाम तोच. फरक एका ओळीचा. यादी ही निव्वळ कारकुनी बाब नाही, हे इथे कळते.

यंत्राला यादी का लागली?

आता संगणकाकडे वळू. सुरुवातीच्या संगणकावर एका वेळी एकाचेच काम चाले. छिद्रांकित कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तर घेऊन जायचे. तिथे परवानगीचा प्रश्न खोलीच्या दारावरच सुटत असे. १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि सहकाऱ्यांनी 'सीटीएसएस' ही प्रणाली दाखवली. तिच्यात एकाच यंत्राला अनेक टंकयंत्रे जोडलेली असत आणि यंत्र प्रत्येकाला आळीपाळीने क्षणभर वेळ देई. सगळ्यांच्या फाइली एकाच साठवणीत आल्या आणि एकाच गावात अनेक खातेदार नांदू लागले. प्रत्येकाची ओळख पटावी म्हणून परवलीचा शब्द आला.

या व्यवस्थेत एकदा मोठी फजिती झाली. तिची हकिगत कॉर्बातो यांनीच पुढे आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितली. वापरकर्ता यंत्रात शिरला की त्याला 'आजची सूचना' छापून मिळे. एके दुपारी सूचनेऐवजी प्रत्येकाच्या टंकयंत्रावर सगळ्या वापरकर्त्यांचे परवलीचे शब्दच छापले जाऊ लागले. कारण साधे होते. मजकूर दुरुस्त करणारा प्रोग्रॅम आपल्या तात्पुरत्या फाइलला नेहमी एकच ठरावीक नाव देई. व्यवस्थापकाच्या जागेत एका वेळी एकच माणूस काम करील, असे गृहीत धरले होते. त्या दिवशी दोघे बसले. एक जण सूचनेची फाइल दुरुस्त करीत होता, दुसरा परवलीच्या शब्दांची. दोघांचे मजकूर अदलाबदल झाले. कोणी चोरी केली नव्हती. गृहीतक चुकले होते.

याच मंडळींनी १९६० च्या दशकाच्या मध्यास बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनी यांच्यासह 'मल्टिक्स' या मोठ्या प्रणालीचे काम हाती घेतले. १९६५ मध्ये रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी तिच्या फाइल-व्यवस्थेचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक फाइलला जोडलेली परवानगी-यादी आहे. यादीतील प्रत्येक ओळीत वापरकर्ता आणि त्याला काय करता येईल याची नोंद: वाचणे, चालवणे, लिहिणे आणि 'शेवटी भर घालणे'. मल्टिक्समधील वापरकर्त्याची ओळख माणूस आणि तो काम करीत असलेला प्रकल्प अशा जोडीने लिहिली जाई. 'कोणीही' म्हणायचे असेल तिथे तारका. यादीत नेमक्या नावाची ओळ आधी, तारकेची नंतर. जी ओळ प्रथम जुळेल ती खरी.

नऊ खुणांचा सुटसुटीतपणा

मल्टिक्स भव्य होती आणि तिला उशीर होत होता. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने अंग काढून घेतले. तिथल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी एका छोट्या यंत्रावर स्वतःची प्रणाली उभारली, ती युनिक्स. छोट्या यंत्रात प्रत्येक फाइलला लांबलचक यादी परवडण्यासारखी नव्हती. म्हणून त्यांनी यादीचा अर्क काढला. आधी मालक आणि इतर असे दोनच वर्ग होते. पुढे गटाची भर पडली. मालक, गट आणि इतर. प्रत्येकाला वाचणे, लिहिणे, चालवणे. तीन गुणिले तीन, नऊ खुणा. बस्स!

या नऊ खुणा आकड्यांतही लिहितात. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १. बेरीज केली की एका वर्गाची परवानगी एका अंकात मावते. ६ म्हणजे वाचणे व लिहिणे. ५ म्हणजे वाचणे व चालवणे. ६४० म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, गटाने फक्त वाचावे, इतरांना काहीच नाही. ४, २, १ या अंकांच्या बेरजेतून ० ते ७ मधील प्रत्येक संख्या एकाच प्रकारे मिळते, हे मुलांना द्विमान पद्धती शिकवताना जरूर दाखवावे.

पण सुटसुटीतपणाची किंमत असते. समजा, शाळेच्या संगणकात दहावीच्या गुणांची फाइल आहे. मालक वर्गशिक्षक, गट दहावीला शिकवणाऱ्यांचा. आता नववीच्या एकाच शिक्षिकेला ही फाइल आठवडाभर वाचायची आहे. नऊ खुणांत हे सांगताच येत नाही. तिला गटात घ्यावे, तर गटाच्या इतर सगळ्या फाइलीही तिला उघड्या होतात. 'इतरां'ना परवानगी द्यावी, तर विद्यार्थीही वाचतील. परवानगी-यादीत मात्र एक ओळ वाढवली की काम झाले आणि आठवड्याने ती खोडली की मिटले.

म्हणून यादी परत आली. १९९३ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज एनटीने प्रत्येक फाइलला पूर्ण परवानगी-यादी दिली. युनिक्सच्या कुळातील प्रणालींनीही नऊ खुणांच्या जोडीला याद्या स्वीकारल्या. लिनक्सच्या गाभ्यात त्या २००३ मधील २.६ या आवृत्तीत आल्या. विंडोजच्या यादीत 'याला द्या' याबरोबर 'याला देऊ नका' अशीही ओळ असते आणि नेहमीच्या क्रमात नकाराच्या ओळी आधी तपासल्या जातात. इथे एक गंमत आहे. यादी असून ती कोरी असेल, तर कोणालाच परवानगी नाही. पण मुळात यादीच नसेल, तर सर्वांना मोकळे रान! 'कोरी यादी' आणि 'नसलेली यादी' यांतील हा फरक न कळल्याने चुका झाल्या आहेत. १९७५ मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर यांनी संरक्षणाची जी तत्त्वे मांडली, त्यांतील एक याच प्रकारचे आहे: स्पष्ट परवानगी नसेल, तर उत्तर 'नाही' असावे.

यादी की तिकीट?

तक्त्याच्या आडव्या पट्टीकडे आता वळू. रेल्वेच्या आरक्षित डब्यात तपासनीसाकडे नावांची यादी असते. तुमचे नाव त्यात आहे का, हे तो पाहतो. एसटीच्या साध्या गाडीत कंडक्टर नाव विचारीत नाही. तिकीट हातात असले की पुरे. पहिली पद्धत यादीची, दुसरी तिकिटाची. १९६६ मध्ये जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी संगणकासाठी तिकिटाची पद्धत सुचवली. तिला 'केपेबिलिटी' म्हणतात. वापरकर्त्याने किंवा त्याच्या प्रोग्रॅमने आपली तिकिटे जवळ बाळगायची आणि दाखवून काम करून घ्यायचे.

दोन्हींचे गुणदोष एकमेकांच्या उलट आहेत. 'या फाइलला कोण हात लावू शकतो?' हे यादीवरून एका नजरेत कळते आणि नाव खोडले की परवानगी संपते. तिकिटे मात्र एकदा वाटली की परत गोळा करणे अवघड. उलट 'हा माणूस कशाकशाला हात लावू शकतो?' हे यादी-पद्धतीत शोधायला प्रत्येक फाइलची यादी चाळावी लागते. गावाच्या दप्तराने सातबाऱ्याच्या जोडीला आठ-अ का ठेवला, याचे उत्तर इथे मिळते.

प्रत्यक्षात प्रणाली दोन्हींची सांगड घालतात. युनिक्समध्ये फाइल उघडतानाच परवानगी तपासली जाते. एकदा उघडली की प्रोग्रॅमच्या हाती जणू तिकीट येते. नंतर परवानगी काढून घेतली तरी उघडलेली फाइल तो वाचतच राहतो. सातबाऱ्याचा उतारा घेऊन फिरणाऱ्यालाही हा अनुभव असतो. उतारा म्हणजे यादी नव्हे, तर यादीची त्या दिवशीची नक्कल. म्हणून तर बँक 'ताजा उतारा आणा' म्हणते.

यादी कोण लिहितो?

खरा प्रश्न यादीत काय आहे हा नसून, यादीत बदल कोण करू शकतो हा आहे. ज्याला यादी बदलता येते, त्याला सर्व काही करता येते. कारण तो स्वतःचे नाव कधीही घालू शकतो. म्हणून संगणकात 'परवानगी बदलण्याची परवानगी' ही वेगळी काढलेली असते. साधारणपणे ती फाइलच्या मालकाकडे असते. शिवाय व्यवस्थापकाकडे तर सर्वांच्या वरचा अधिकार असतो.

सातबाऱ्यात तसे नाही. जमिनीचा मालक स्वतः सातबाऱ्यावर एक अक्षर लिहू शकत नाही. खरेदी, वारसा, वाटणी काहीही झाले, तरी आधी नोंद होते गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत. ती करतो तलाठी. २०२४ पासून त्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे आहे. नोंदीची प्रत चावडीवर लावायची, संबंधितांना लेखी सूचना द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे. हरकत आली तर प्रकरण वेगळ्या नोंदवहीत जाते. शेवटी नोंद प्रमाणित करतो तो मंडळ अधिकारी. लिहिणारा एक, मान्य करणारा दुसरा. फेरफाराची जुनी नोंद खोडायची नसते, पुढे नवी भर घालायची असते. मल्टिक्सच्या यादीतील 'शेवटी भर घालणे' ही परवानगी आठवा. जिथे इतिहास जपायचा, तिथे लिहिण्याचा हक्क देऊ नये, फक्त भर घालण्याचा द्यावा.

एकाच कागदाच्या दोन भागांना वेगळी परवानगी कशी असते, तेही पाहण्यासारखे आहे. 'बारा' म्हणजे पिकांची नोंद. ती पूर्वी तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः मोबाइलवरून आपले पीक नोंदवू लागला. म्हणजे 'बारा'त लिहिण्याची परवानगी खातेदाराला मिळाली. 'सात'मध्ये ती अजूनही नाही आणि नसावी हेच बरे.

जमिनीचे दप्तर संगणकावर आणण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक रूपाने सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातील वर्धा होता. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. आता गावची परवानगी-यादी संगणकाच्या परवानगी-यादीच्या आत बसली आहे. तलाठ्याला आपल्याच सजाच्या नोंदी लिहिता याव्यात, मंडळ अधिकाऱ्याला प्रमाणित करता याव्यात आणि नागरिकाला फक्त वाचता याव्यात, हे पूर्वी दप्तराच्या कुलपाने आणि सहीने होई. आता ते यंत्राने करावयाचे आहे. इथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. १९७२ मध्ये अमेरिकेच्या हवाईदलासाठी लिहिलेल्या एका अहवालात असे सांगितले गेले, की प्रत्येक वेळी, कोणालाही न वगळता, परवानगी तपासणारा एकच पहारेकरी प्रणालीत असावा. तो कोणाला टाळता येऊ नये आणि त्याच्याशी छेडछाड करता येऊ नये. त्या अहवालाच्या कर्त्याचे नावही अँडरसनच होते, जेम्स अँडरसन.

गेलेल्यांची आणि नसलेल्यांची नावे

यादी-पद्धतीचे एक जुनाट दुखणे आहे. माणूस जातो, नाव राहते. शिक्षकाची बदली होते, पण शाळेच्या संगणकातील त्याचे खाते तसेच चालू राहते. युनिक्समध्ये तर फाइलवर मालकाचे नाव नसते, त्याचा क्रमांक असतो. वापरकर्त्याला काढून टाकले आणि पुढे तोच क्रमांक नव्या माणसाला दिला, तर जुन्याच्या सगळ्या फाइली नव्याच्या होतात! गावातही खातेदार वारल्यावर वर्षानुवर्षे सातबाऱ्यावर त्याचेच नाव असते. तोवर वारसांना ना कर्ज, ना विमा, ना विक्री. २०२५ मध्ये राज्य शासनाला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम घ्यावी लागली, ती यासाठीच.

दुसरे दुखणे गटाच्या नोंदीचे. जुन्या सातबाऱ्यांवर 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे आढळतात: एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव थोरल्या भावाचे, हक्क सगळ्या भावंडांचा. संगणकातील गटाची परवानगी अशीच असते. एक ओळ लिहिली की अनेकांचे काम होते; पण त्या ओळीच्या आत कोण आहे, हे यादी सांगत नाही. बीड जिल्ह्याला याचा आणखी एक नमुना ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघताना मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' लिहिला जातो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. काम दोघांचे, उचल एकाच्या हातात. वहीत ती बाई आहे आणि नाहीही.

आणि ती वहीत नाही तशी पुष्कळदा सातबाऱ्यातही नसते. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. तरी लग्न झालेल्या बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत आपण सगळे पाहतो. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती' मोहीम काढून नवऱ्यांना बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचे आवाहन केले, ते उगाच नव्हे. यादीतल्या ओळीचे मोल त्यांनी ओळखले होते.

चावडीवरची पंधरा दिवसांची नोटीसही या दृष्टीने पाहावी. नियम उत्तम आहे. पण कार्तिक ते चैत्र जो ऊसाच्या फडात आहे, त्याने चावडीवरचा कागद वाचावा कधी? यंत्रातही नियम असतो, सूचना जाते. पण ती ज्याला कळायला हवी, त्याच्यापर्यंत पोचली का, हे यंत्र विचारीत नाही.

इथे सातबारा आणि संगणकाची यादी यांतील एक मूलभूत फरक सांगितला पाहिजे. संगणकाच्या दृष्टीने यादी हेच अंतिम सत्य. नाव नाही, म्हणजे हक्क नाही. पुढे दाद नाही. सातबाऱ्याचे तसे नाही. संहितेच्या कलम १५७ नुसार नोंद खरी मानली जाते, पण ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही वारंवार सांगितले आहे. म्हणजे कायदा म्हणतो: यादी ही हक्काची सावली आहे, हक्क नव्हे. यादी चुकली तर अपील आहे, कोर्ट आहे. दप्तर यंत्रात जाताना ही दाद मागण्याची वाट मात्र यंत्रात हरवू नये. 'कॉम्प्युटर घेत नाही' हे उत्तर कोणत्याही खिडकीवर शेवटचे असता कामा नये.

वर्गात करून पाहण्यासारखे

संगणक नसलेल्या शाळेतही हा विषय शिकवता येतो. फळ्यावर तक्ता काढा. डावीकडे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, लिपिक, वर्गप्रमुख, विद्यार्थी. वर हजेरीपट, गुणपत्रक, ग्रंथालयाची वही, प्रश्नपत्रिकेचे पाकीट. चौकटींत 'वाचणे', 'लिहिणे', 'भर घालणे' भरायला मुलांना सांगा. मग तक्ता उभा कापून याद्या करा, आडवा कापून तिकिटे करा. नंतर तीन प्रश्न विचारा. वर्गप्रमुखाची बदली झाली, तर कोणकोणत्या कागदांत दुरुस्ती करावी लागेल? आपले गुण चुकीचे लिहिले गेले आहेत असे विद्यार्थ्याला वाटले, तर तो स्वतः लिहू शकत नसताना काय करील? आणि ही यादी बदलण्याचा हक्क कोणाला द्यावा?

जमल्यास घरचा सातबारा आणि आठ-अ वाचायला सांगा. वर्गात आणायला नको, कारण घरचा कागद ही घरची बाब आहे. वहीत एवढेच लिहावे: त्यावर किती नावे आहेत, 'इतर हक्क' या रकान्यात काय काय आहे, आणि शेवटी स्वतःशी एक प्रश्न: या जमिनीत घाम गाळणाऱ्यांपैकी कोणाचे नाव या यादीत नाही?

पहिल्या दोन उत्तरांतून मुलांना परवानगी-यादी कळेल. तिसऱ्या उत्तरातून ती कशासाठी असते, हे कळेल.